नदीचा बारभाई कारभार

डिसेंबर २००९ मध्ये शिकागोच्या नैर्ऋत्येला एका कालव्याचं सुमारे नऊ किलोमीटर पाणी मुद्दाम विषारी केलं गेलं. त्यासाठी वापरलेलं रोटेनोन माशाला पाण्यातला प्राणवायू वापरू देत नाही. मासा पाण्यातच गुदमरतो. कडाक्याच्या थंडीत माणसं बोटींतून, लांब दांड्यांच्या जाळ्यांनी, मेलेले मासे उपसत होती. टनांनी मासे निघाले. कारण एवढंच, की कालव्यात बसवलेला विजेचा अडसर देखभालीसाठी थोडा वेळ बंद ठेवायचा होता आणि तेवढ्यात एक विशिष्ट जातीचा मासा पलीकडे निसटू द्यायचा नव्हता. उपसलेल्या ढिगात तो सापडला. बिगहेड कार्प. एकच.

एका माशासाठी एवढा खटाटोप, असं काहींना वाटलं. थंड पाण्यात मेलेले कार्प तळाशी बसतात, तेव्हा हाती एक लागला तर न दिसलेले किती असतील, असं काहींनी विचारलं. मला त्या दृश्यात तिसरीच गोष्ट दिसते. हा मासा आणताना फार कुणाला विचारावं लागलं नव्हतं. अडवताना मात्र सगळ्यांना विचारावं लागत होतं.

बिगहेड आणि त्याचा भाऊबंद सिल्व्हर कार्प (आपल्याकडचे मत्स्यशेतकरी याला चंदेरा म्हणतात) हे मूळचे चीनकडच्या नद्यांतले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात आणले गेले. हेतू वाईट नव्हता. तळ्यातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाऊन पाणी नितळ ठेवणारा मासा मिळाला तर रसायनं कमी लागतील, असा हिशेब होता. सांडपाण्याच्या तळ्यांतही प्रयोग झाले. त्या काळच्या मानाने हा चांगला पर्यावरणवादी विचार होता. पण तळ्याचा बांध पुराला किती अडवणार? मासे नदीला लागले, मिसिसिपीत पसरले, तिथून वर सरकत इलिनॉय नदीत आले. आज तिथे मोटरबोटीचा आवाज झाला की बिथरलेले सिल्व्हर कार्प पाण्याबाहेर तीन-तीन मीटर उसळतात. चार-पाच किलोचा मासा धावत्या बोटीतल्या माणसाच्या तोंडावर आदळला की नाकाचं हाड मोडतं. त्याचे व्हिडिओ लोक हसत हसत एकमेकांना पाठवतात. खरं नुकसान मात्र कॅमेऱ्यात येत नाही. हा मासा पाण्यातलं प्लवक गाळून खातो, आणि नदीतल्या जवळपास प्रत्येक माशाचं पिल्लू सुरुवातीला त्याच प्लवकावर वाढतं. पंगत बसायच्या आधीच कोठार रिकामं होतं.

आता या गोष्टीतले मुखत्यार मोजू. मिसिसिपीचं खोरं तीसहून अधिक राज्यांत पसरलेलं. पलीकडे पंचमहासरोवरं, त्यांच्या काठी अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. ही दोन्ही खोरी निसर्गाने वेगळी ठेवली होती. शहराचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून शिकागोने १९०० साली कालवा काढून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला आणि खोरी जोडली गेली. या कालव्यातले जहाजांचे दरवाजे लष्करी अभियंत्यांकडे, पाण्याचं व्यवस्थापन शहराच्या जलनिस्सारण मंडळाकडे, मासेमारीचे नियम राज्याकडे, परदेशी प्राण्यांची आयात केंद्राकडे. आणि सरोवरांच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा. मराठीत अशा व्यवस्थेला बारभाई कारभार म्हणतात. (खऱ्या बारभाईंवर हा अन्याय आहे. राघोबादादांना गादीपासून दूर ठेवण्याच्या एका कामात तरी त्यांनी एकी दाखवली होती.)

सरोवरकाठच्या मिशिगनने मागणी केली की कालव्याचे दरवाजे बंद करा. इलिनॉयचं म्हणणं, मालवाहतूक थांबेल आणि पावसाळी पाणी शहरात शिरेल. आपापल्या काठावरून दोघांचंही खरं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने दरवाजे तातडीने बंद करण्याचा आदेश द्यायला नकार दिला. त्याच वर्षी व्हाइट हाऊसने या कामासाठी एक संचालक नेमला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘कार्पचा झार’ ही पदवी दिली. झारला निदान राज्य असतं. या झाराच्या वाट्याला मुख्यतः बैठका आल्या. घातक प्राण्यांची आयात आणि वाहतूक रोखणारा लेसी कायदा तर १९०० पासून, म्हणजे कालव्याच्या जन्मापासून अस्तित्वात होता. त्याच्या यादीत सिल्व्हर कार्पचं नाव चढलं २००७ मध्ये. बिगहेडसाठीच्या कायद्यावर सही झाली डिसेंबर २०१० मध्ये, कालव्यात विष टाकून वर्ष उलटल्यावर.

‘समन्वय’ हा शब्द अशा वेळी फार ऐकू येतो. सरकारी भाषेत समन्वय म्हणजे समिती, समिती म्हणजे बैठक आणि बैठक म्हणजे इतिवृत्त. मला यात अर्थ दिसत नाही असं नाही. माणसं एका टेबलाशी बसल्याशिवाय काही सुरूच होत नाही. पण कोणाचा शब्द कोणावर बंधनकारक आणि खर्च कोणाच्या खिशातून, हे आधी ठरलेलं नसेल तर टेबल कितीही लांब असलं तरी उपयोग नाही. आज बहुतेक सगळीकडे उलटा नियम चालतो. नवा मासा आणायला खोऱ्यातल्या एका राज्याचा, कधी कधी एका तळेमालकाचा, होकार पुरतो. तो थांबवायला सगळ्या खोऱ्याचा होकार लागतो. हे उलथं करायला हवं. खोऱ्यात नसलेला मासा आणायचा तर काठावरच्या प्रत्येकाची संमती लागावी, आणि आलेला मासा तातडीने अडवायला कुणा एकाचीही हाक पुरावी.

हे म्हणणं टोकाचं वाटत असेल तर व्हिक्टोरिया सरोवराकडे पाहा. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांचं हे पाणी. १९५० च्या दशकात, वसाहतीच्या काळात, त्यात नाईल पर्च सोडला गेला. माणसापेक्षा लांब वाढणारा शिकारी मासा. छोट्या, काटेरी, बाजारात भाव नसलेल्या स्थानिक माशांचं ‘मोल वाढवायचं’ असा विचार त्यामागे होता. तो सोडावा की नाही यावर तेव्हाही शास्त्रज्ञांत वाद होता. पण वाद एका बाजूला आणि बादली दुसऱ्या बाजूला. बरीच वर्षं फारसं काही दिसलं नाही. मग १९८० च्या दशकात पर्चची संख्या एकदम फुटली आणि त्या सरोवराखेरीज जगात कुठेही नसलेल्या सिक्लिड माशांच्या सुमारे दोनशे जाती दिसेनाशा झाल्या. तिन्ही देशांची मिळून मत्स्यसंघटना स्थापन झाली १९९४ मध्ये. तोवर पर्चच्या निर्यातीवर कारखाने उभे राहिले होते, लाखो माणसांची चूल त्यावर पेटत होती. आता त्या संघटनेच्या कामांत पर्चची बेसुमार मासेमारी रोखणं हेही एक काम आहे. जो घुसखोर म्हणून अडवायचा, त्याचंच रक्षण करायची वेळ आली.

म्हणूनच ‘खाऊन संपवा’ या उपायाबद्दल मला धास्ती वाटते. इलिनॉयने २०२२ मध्ये या कार्पना ‘कोपी’ असं नवं नाव देऊन ताटात आणायची मोहीम काढली. नाव बदलून मासा खपेल, त्यात गैर काही नाही, आणि जिथे तो नदीभर झालाच आहे तिथे उपसा झालाच पाहिजे. पण बाजार एकदा बसला की बाजाराला पुरवठा हवा असतो. ज्याचं कर्ज त्या माशावर फिटतं, तो माणूस मासा संपावा म्हणून का झटेल? उलट, जिथे मासा अजून पोचला नाही तिथल्या कुणाला तरी चार बोटुकल्या आपल्या पाण्यात सोडाव्याशा वाटतील.

काम जमलेलंही उदाहरण आहे, आणि ते त्याच पंचमहासरोवरांतलं. समुद्री लॅम्प्रे हा जबडा नसलेला, वामसारखा लांबट जीव. तोंड म्हणजे दातांची गोल चकती. ती तो मोठ्या माशाच्या अंगाला चिकटवतो, खरखरीत जिभेने कातडी खरवडतो आणि रक्त पितो. माशाच्या कुशीवर रुपयाएवढी गोल, लाल जखम राहते. आयुष्यात एक लॅम्प्रे अठरा किलोपर्यंत मासे मारू शकतो. नायगारा धबधब्याने त्याला युगानुयुगं खाली रोखून धरलं होतं. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा झाला, पुढे रुंद झाला, आणि १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी सरोवरात सापडला. १९३८ पर्यंत तो सुपीरियर सरोवरात, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला पोचला होता. लेक ट्राउटची मासेमारी कोसळली.

राज्यं त्याआधी कित्येक दशकं एकमेकांशी भांडत होती. जाळ्याच्या डोळ्याचा आकार किती असावा यावरही एकमत होत नव्हतं. लॅम्प्रेने ते करून दाखवलं. १९५४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार करून सरोवरांचा मत्स्यव्यवसाय आयोग स्थापला. या करारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट जीवशास्त्राची नाही, हिशेबाची आहे. लॅम्प्रेच्या बंदोबस्ताचा खर्च अमेरिका ६९ टक्के आणि कॅनडा ३१ टक्के, असा वाटा ठरला. आधार घेतला पूर्वी कोण किती ट्राउट पकडत होतं याचा. म्हणजे दरवर्षी नव्याने घासाघीस नाही, आणि यंदा कुणाच्या पाण्यात लॅम्प्रे जास्त आहेत हा वाद नाही. हजारो रसायनं तपासल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक असं सापडलं, जे ओढ्याच्या गाळात वर्षानुवर्षं दडून राहणाऱ्या लॅम्प्रेच्या अळ्यांना मारतं आणि बाकीच्यांना बहुतांशी सोडून देतं. पथकं ठरलेल्या ओढ्यांत ठरलेल्या क्रमाने जातात. ओढा कोणत्या देशात आहे यावर क्रम ठरत नाही. लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी खाली आली.

हेही फार गुळगुळीत करून सांगू नये. कॅनडाने कित्येक वर्षं आपला वाटा पुरता भरला नव्हता. २०२२ मध्ये कुठे तरतूद वाढली. आणि २०२०-२१ मध्ये महामारीमुळे पथकांना हिंडता येईना, तेव्हा लॅम्प्रे लगेच वाढले. साठ वर्षांच्या यशाला दोन हंगामांची ढिलाई पुरली. लॅम्प्रे संपलेला नाही, दाबून धरलेला आहे, आणि त्याचं बिल दरवर्षी येत राहणार.

खर्चाइतकाच अवघड प्रश्न पुराव्याचा. हल्ली मासा न पकडता त्याचा माग काढता येतो. नदीतून दोन लिटरची बाटली भरायची, पाणी बारीक गाळणीतून ओढायचं, गाळणीवर राहिलेल्या चिखलात डीएनए शोधायचा. २००९ मध्ये शिकागोच्या अडसरापलीकडे कार्पचा डीएनए असाच सापडला, आणि लगेच वाद सुरू झाला. तो जिवंत माशाचा की मासा खाऊन उडालेल्या पक्ष्याच्या विष्ठेतला? की मालवाहू बोटीच्या बुडाला चिकटून आलेला? शास्त्रज्ञांनी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण ज्याला दरवाजे उघडे हवेत तो प्रत्येक बाटलीवर शंका काढणार आणि ज्याला बंद हवेत तो प्रत्येक बाटलीला शिक्कामोर्तब मानणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. किती बाटल्या, किती वेळा, किती ठिकाणी निघाल्या की काय करायचं, हे बाटली भरण्याआधी लिहून ठेवायला हवं. फिर्याद आल्यावर पुराव्याचा कायदा लिहायला बसणाऱ्या न्यायालयावर कोण विश्वास ठेवेल?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर ‘परका’ कोण, हेही पाहू. कायदे परका ठरवतात देशाच्या नकाशावरून. माशाचा देश म्हणजे त्याचं खोरं. युरोपीय संघाचा २०१४ चा नियम संघाबाहेरून आलेल्या जातींची यादी करतो. वेल्स कॅटफिश हा मध्य आणि पूर्व युरोपातला अजस्र मासा १९७४ मध्ये स्पेनच्या एब्रो नदीत सोडला गेला आणि तिथे माजला. पण तो संघाच्याच भूमीतला म्हणून त्या यादीत बसत नाही. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आक्रमक परक्या जातींची तरतूद आली. व्याख्या आहे ‘मूळ भारतीय नसलेली’ जात. आता महसीराची गोष्ट ऐका. कृष्णेच्या खोऱ्यातला डेक्कन महसीर लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवला गेला, त्याचं बीज देशभर वाटलं गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. हे सगळं महसीर वाचवण्याच्या नावाखाली, आणि मनापासून. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर जगात दुसरीकडे कुठेच नाही. पाहुण्याने त्याची जागा घेतली. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. २०१८ मध्येच कावेरीच्या पाणीवाटपाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. राज्याराज्यांनी अनेक दशकं थेंबाथेंबाचा हिशेब मांडला. त्या पाण्यात कुणी कोणता मासा सोडावा हे विचारायला मात्र कुणी वकील दिला नव्हता. राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय राज्यांचा विषय आहे आणि कायद्याच्या लेखी डेक्कन महसीर अस्सल भारतीय. मग गुन्हा कुठे घडला?

मासा आणायला सगळ्यांची संमती आणि अडवायला एकाची हाक, या माझ्या सूत्रावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की इतकी कटकट करण्यापेक्षा सगळं केंद्राच्या हाती द्या. याला माझा विरोध आहे, कारण परके मासे पसरवण्यात केंद्र सरकारांचाच मोठा वाटा आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघराज्याच्या मत्स्य आयोगानेच कॉमन कार्पची पिल्लं रेल्वेने गावोगाव पाठवली होती. वरचा हात एकच असला की चूकही एकदम देशभर होते. काठावरच्या प्रत्येकाला नकाराधिकार द्या म्हणतो तो याचसाठी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकाच्या हाकेवर सगळं थांबवायचं तर कुणीही शेजाऱ्याला छळायला हाक देईल. माशाचं निमित्त करून जहाजं अडवेल, मत्स्यशेतकऱ्याचं पोट मारेल. हे होईल, म्हणून हाकेला मुदत हवी. नव्वद दिवस समजा. तेवढ्यात ठरलेल्या पद्धतीने पुरावा तपासायचा. तो टिकला नाही तर बंदी आपोआप उठेल आणि झालेलं नुकसान हाक देणाऱ्याने भरून द्यावं. टिकला तर खर्च आधी ठरलेल्या वाट्याने. मासा अंडी घालायला बैठकीच्या तारखेची वाट पाहत नाही, पण नव्वद दिवसांत माणसाला बरंच काही तपासता येतं. मत्स्यशेतकऱ्याला भरपाईही त्याच तिजोरीतून मिळावी. कालपर्यंत परवानगी देऊन आज त्याला गुन्हेगार ठरवलं तर तो मासे रात्री नदीतच ओतेल.

तातडी म्हणजे काय, ते टास्मानियात दिसलं. १९९५ मध्ये तिथल्या क्रेसेंट आणि सोरेल या दोन सरोवरांत कॉमन कार्प सापडला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात तो आधीच माजलेला. काही भागांत नदीतल्या माशांच्या एकूण वजनात नव्वद टक्क्यांपर्यंत तोच. टास्मानियाचं नशीब असं, की बेट आपलं आणि निर्णय घेणारं खातं एकच. सरोवरं बंद केली, पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर जाळ्या बसवल्या. मग काही नर कार्पांच्या पोटात रेडिओ ट्रान्समीटर शिवून त्यांना परत सोडलं. विणीच्या काळात हे नर कळपाकडे जात, आणि बोटीतला माणूस कानाला हेडफोन लावून त्यांच्या मागे. तिकडे या माशांना ‘जूडास कार्प’ म्हणतात. आपण फितूर म्हणू. २००७ मध्ये क्रेसेंटमधला शेवटचा कार्प निघाला. बारा वर्षं लागली, तीही एकच खातं असताना. मुख्य भूमीवर कार्पसाठी विशिष्ट विषाणू सोडण्याची योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि तिचा आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे राज्यं चार आणि राजधानीचा प्रदेश वेगळा.

शिकागोच्या त्या कालव्याच्या खाली, जोलिएटजवळ ब्रँडन रोड इथे आता नवा अडथळा उभा राहतो आहे. वीज, बुडबुड्यांचा पडदा, पाण्याखालचा आवाज, सगळं एकत्र. अंदाजे खर्च १.१५ अब्ज डॉलर. जुलै २०२४ मध्ये इलिनॉय, मिशिगन आणि लष्करी अभियंते यांच्यात त्याचा करार झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राचे पैसे येणार की नाही या शंकेने इलिनॉयने काम थांबवलं, पुढे ते परत सुरू झालं. हे वाचताना मला जुना विजेचा अडसर आठवतो. तो मुळात कार्पसाठी नव्हताच. काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेला गोबी नावाचा बोटभर मासा १९९० मध्ये सरोवरांच्या पट्ट्यात सापडला होता. तो कालव्यातून मिसिसिपीत उतरू नये म्हणून १९९६ मध्ये अडसराला कायद्याने मंजुरी मिळाली. आराखडे झाले, निधी आला, बांधकाम झालं. एप्रिल २००२ मध्ये वीज सुरू केली तेव्हा गोबी अडसर ओलांडून खाली उतरून गेलेला होता.